ढोल मढवणाऱ्यांचा इतिहास

जपानच्या ओसाका शहरातील मानवाधिकार संग्रहालय बंद होण्यापूर्वी आम्ही पाहिले. नानिवा भागातील बुराकू समाज पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावून ढोल मढवीत आला. ढोल उत्सवात मानाने वाजे, मढवणारे हात मात्र अस्पृश्य! १८७१ साली सरकारी फर्मानाने भेद मोडला, पण लोकांच्या मनातला गेला नाही. म्हणून १९२२ साली या समाजाने सुइहेइशा ही समतेची संघटना उभारली. वस्तीने वर्गणी काढून चालवलेल्या जुन्या शाळेच्या जागी १९८५ मध्ये हे संग्रहालय उघडले. पुढे जागेवरून महापालिकेशी कोर्टात वाद झाला, २०२० साली दारे मिटली. बंधू-भगिनींनो, आपल्याही ट्रंकेत आजोबांचे फोटो, चळवळीची पत्रके आहेत. रद्दीत घालू नका. मुलांना दाखवा, नावे लिहून ठेवा.