दूरध्वनीवर दिसणारा क्रमांक : उगम आणि प्रामाण्य

अहिल्यानगर शहराचा दूरध्वनी-संकेत ०२४१, संगमनेरचा ०२४२५ व श्रीरामपूरचा ०२४२२ होय. २०२४ साली जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झाले. संकेत मात्र तेच राहिले. घंटा वाजत असता ०२४१ ने आरंभ होणारा क्रमांक दिसला, की बोलणारी व्यक्ती नगरचीच असावी, असा ग्रह सहजच होतो. इंटरनेटमार्गे येणाऱ्या दूरध्वनीच्या बाबतीत हा ग्रह कितपत टिकतो, हे ठरविण्यासाठी तो क्रमांक मुळात येतो कोठून, हे पाहिले पाहिजे.

तारेच्या दूरध्वनीत प्रत्येक ग्राहकाच्या घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी जाते. कोणत्या जोडीला कोणता क्रमांक दिला आहे, याची नोंद केंद्रापाशी असते. आपला क्रमांक ग्राहक सांगत नाही. तो केंद्र सांगते. आवाजाच्या मार्गाहून वेगळ्या अशा संकेतमार्गाने तो पुढील केंद्राकडे जातो व शेवटी ऐकणाऱ्याच्या उपकरणावर उमटतो. तात्पर्य, येथे क्रमांक म्हणजे एका ठिकाणाविषयी केंद्राने दिलेली साक्ष असते.

इंटरनेटवरील दूरध्वनीत अशी ठरलेली तार नसते. आवाजाचे लहान लहान अंकीय तुकडे करून ते पाठविले जातात आणि तत्पूर्वी एक निमंत्रण-संदेश धाडला जातो. या संदेशाची आज रूढ असलेली पद्धती, सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, २००२ साली सुधारित रूपात प्रसिद्ध झाली. तीत 'प्रेषक' हा रकाना बोलावणाऱ्याचे उपकरणच भरते. टपालाच्या पाकिटावर प्रेषकाचा पत्ता कोणीही, कसाही लिहू शकतो. टपाल कचेरीचा शिक्का मात्र त्याच्या हाती नसतो. तशा शिक्क्याची, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीने स्वतः पडताळून नोंदविलेल्या क्रमांकाची, सोय त्याच वर्षी करण्यात आली. परंतु परस्परांवर विश्वास असलेल्या जाळ्यांपुरतेच त्या शिक्क्याला मोल आहे.

खरी अडचण दोन व्यवस्थांच्या सांध्यावर उद्भवते. इंटरनेटवरील संभाषण जुन्या दूरध्वनी-जाळ्यात शिरताना निमंत्रणातील क्रमांक जुन्या संकेतसंदेशात उतरविला जातो. तो केंद्रानेच घातला असणार, या गृहीतकावर जुने जाळे उभे आहे. सांध्यावर पडताळणी झाली नाही, तर केवळ दावा असलेला क्रमांक पुढे साक्षीच्या रूपाने वावरतो. परदेशातून आलेल्या दूरध्वनीवर भारतीय क्रमांक दिसू शकतो तो यामुळेच. अशी तफावत नेहमीच कपटमूलक असते असेही नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या दूरध्वनींवर संस्थेचा एकच क्रमांक दिसावा, ही अपेक्षा रास्त आहे. यास्तव तफावत सरसकट निषिद्ध करून भागत नाही.

यावर अंकीय स्वाक्षरीचा उपाय पुढे आला. क्रमांकाची हमी देणारी कंपनी निमंत्रणावर स्वाक्षरी करते व पलीकडील कंपनी ती तपासते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ही पद्धत ३० जून २०२१ पासून बंधनकारक झाली. मात्र वाटेत जुने जाळे लागल्यास स्वाक्षरी तेथेच गळून पडते. भारतात परदेशातून भारतीय क्रमांक धारण करून येणारे खोटे दूरध्वनी रोखणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. पहिल्या २४ तासांत असे सुमारे १.३५ कोटी दूरध्वनी अडविल्याचे शासनाने जाहीर केले. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ अन्वये दूरसंचार-ओळखचिन्हात फेरफार करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या विवेचनातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. आपण फिरविलेला क्रमांक हा मार्ग ठरवितो. तो त्या क्रमांकाच्या धारकाकडेच नेला जातो. आपल्याला दिसणारा क्रमांक मात्र मार्ग ठरवीत नाही. तो खोटा असला तरी संभाषण जुळतेच. म्हणूनच बँकेच्या वा कचेरीच्या नावाने कोणी पैशांविषयी विचारणा केली, तर ते संभाषण थांबवून, पासबुकावरील अथवा अन्य विश्वसनीय ठिकाणी छापलेला क्रमांक स्वतः फिरविणे, ही केवळ सावधगिरी नसून या व्यवस्थेच्या रचनेतूनच निघणारी पडताळणी होय.