शाळेतील दिव्यांग मित्र मंडळ कसे असावे?



शाळेत जसे विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ असते तसे दिव्यांगांविषयीचेही मंडळ असावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र ३ डिसेंबरच्या जागतिक दिनी एक भाषण, फळवाटप आणि फोटो एवढ्यावर ते संपू नये. ज्याच्या नावाने मंडळ, तो मुलगा फळ घेण्यापुरताच व्यासपीठावर, हा प्रकार आम्हांस मान्य नाही. तो मंडळाचा सचिव का असू नये?

प्रथम सभासद कोण, ते पाहू. दिव्यांग म्हटले की कुबडी आणि काळा चष्माच आपल्या डोळ्यांपुढे येतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे आणि सिकलसेलही आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात बौद्ध व आदिवासी समाजांत बराच आढळतो, म्हणून त्यावर दोन शब्द अधिक लिहितो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य वेदना उठतात. शरीरात पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम यांमुळे त्रास वाढतो. काही दिवसांनी तेच मूल वर्गात हसताना दिसते, आणि मग 'नाटक करतो' असा शिक्का बसतो! घरचे लोकही सोयरिकीच्या भीतीने, विशेषतः मुलीचा आजार, लपवून ठेवतात.

म्हणून सभासद होण्यासाठी दाखला मागू नये, व कोणासही सर्वांसमक्ष आजार सांगण्यास भाग पाडू नये. मंडळ सर्वच मुलांना खुले ठेवावे. मग कोण कशासाठी आले, हे विचारण्याचे कारण उरत नाही. खोलीत पाण्याचा माठ असावा. मधेच उठून जाण्यास परवानगी लागू नये.

सभा तळमजल्यावर घ्यावी. दोन फूट उंच ओट्यास उतार करायचा तर एकास बारा या प्रमाणात २४ फूट लांबी लागते. घाईने टाकलेली फळी ही नुसती घसरगुंडी ठरते. ऐकू न येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोलावे, फळ्याकडे पाहत नव्हे. अंध मुलाजवळ गेल्यावर आपले नाव सांगावे. आणि प्रश्न त्यालाच विचारावा. बँकेच्या काउंटरवर आम्ही नेहमी पाहतो, अंध खातेदार समोर उभा आणि सही-रकमेची विचारणा मात्र सोबत आलेल्या भाच्याकडे! डोळ्यांवर पट्टी बांधून अंध होण्याचा खेळ तर आम्हांस मुळीच पसंत नाही. त्यातून मुले भीती तेवढी शिकतात.

एक अडचण आपल्या जळगाव जामोद तालुक्याची. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांहून मुले एस.टी.ने येतात. शाळा सुटल्यानंतर सभा ठेवली की ही मुले आपोआपच गळतात. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत वा शनिवारी शाळेच्या वेळेतच अर्धा तास ठेवावा, आणि पुढील सभेत कोणता विषय घ्यायचा ते त्या मुलांनाच ठरवू द्यावे.