पुढे ओटा, मध्ये चौक, मागे केळी

घर निसर्गाशी जोडायचे, तर कुंड्यांच्या आधी आराखड्याचा विचार हवा. पापनाशमची जुनी कौलारू घरे आणि व्हिएतनामची लाकडी घरे यांच्याकडून तो कसा शिकता येईल?

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या भातशेतीत पापनाशम वसले आहे. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते. तेव्हा तिकडे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही त्या भागात राहतात. तिथले जुने घर मराठी माणसाला परके वाटत नाही. रस्त्यालगत 'तिण्णै' म्हणजे ओटा, आत 'मुट्रम' म्हणजे उघडा चौक, मागे 'कोल्लै' म्हणजे परसू. परसात विहीर, केळी आणि नारळ. चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि परसातल्या सावलीची गार हवा आत ओढली जाते. त्यामुळे उन्हाळ्यातही दुपार सुसह्य होते.

दोन देश, एकच उपाय

व्हिएतनामही भातशेतीचा, उन्हाचा आणि धुवाधार पावसाचा देश. तिथली पारंपरिक घरेही आपल्या वाड्यांप्रमाणे खणांवर मोजतात, बहुधा तीन किंवा पाच. खांब दगडी तळखड्यावर उभे असल्याने त्यांना जमिनीची ओल लागत नाही. फणसाचे लाकूड विशेष पसंतीचे. किडीपासून बचाव व्हावा म्हणून काही लाकडे कित्येक महिने तळ्यात भिजवून ठेवतात. उत्तर व्हिएतनाममध्ये घरापुढे सुपारी आणि मागे केळी लावायची रीत आहे. सुपारीच्या सडपातळ खोडांमधून उन्हाळी वारा आत येतो, तर केळीची दाटी हिवाळ्यातला थंड वारा अडवते.

नव्या घरात काय करता येईल?

जागा लहान असली तरी सहा बाय सहा फुटांचा चौक ठेवता येतो. सुरक्षिततेसाठी वर लोखंडी जाळी बसवावी. फरशीला उतार द्यावा, म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत. हे पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडावे. तमिळनाडूत २००३ पासून पावसाचे पाणी जिरवण्याची सोय प्रत्येक इमारतीला सक्तीची आहे. छपराची वळचण भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे काढावी. ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतात. लाकडी खांब नेहमी दगडावरच उभा करावा.

पाडण्यापूर्वी

नवे सागवान महाग आहे. म्हणूनच जुन्या घरांचे खांब आणि दारे यांना मोठी मागणी असते. कारैकुडीत तर त्यांचा बाजारच आहे. विकत घेताना लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आत वाळवी लागलेली असू शकते.

पण वडिलोपार्जित घर ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी ते विकण्याआधी जाणकार सुताराला एकदा दाखवावे. अनेकदा छप्पर गळत असते, खांब मात्र धडधाकट असतात. कौले बदलून, मागे नवे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर जोडून घर राहते ठेवता येते. अगदीच पाडावे लागले, तर लाकूडकाम क्रमांक घालून सुटे करावे. चेन्नईजवळच्या 'दक्षिणचित्र' संग्रहालयात १९९६ पासून दक्षिणेतली अशी पुन्हा उभारलेली घरे पाहायला मिळतात. आजोबांच्या ओट्याचे खांब नातवाच्या ओट्याला लागले, तर घराची ओळखही टिकते आणि खर्चही वाचतो.