कोरडवाहू प्रदेशातील संशोधनसंस्था : प्रगती, निधी व पुढील दिशा

खर्ड्याचे नाव इतिहासात १७९५ च्या लढाईमुळे राहिले. किल्ल्याच्या आश्रयास गेलेल्या निजामाच्या सैन्याचे पाण्यावाचून हाल झाले व त्यास मराठ्यांशी तह करणे भाग पडले. जामखेड तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेत मोडतो आणि पाण्याचा प्रश्न येथील शेतकऱ्यास आजही सुटलेला नाही. अशा प्रदेशासाठी झटणाऱ्या संशोधनसंस्थेची वार्षिक प्रगती कशी मोजावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ जमाखर्चाचा नव्हे.

वार्षिक अहवालात बांधांची लांबी, लावलेली झाडे व खर्ची पडलेली रक्कम यांचे आकडे असतात. ते कामाचे माप होय, ज्ञानाचे नव्हे. पाऊस चांगला झाला की सदोष बांधही यशस्वी भासतो, आणि अवर्षणात उत्तम बांधही निरुपयोगी ठरल्यासारखा दिसतो. पावसाचा परिणाम व उपायाचा परिणाम वेगळे काढावयाचे, तर त्याच पाणलोट क्षेत्राची, आणि तुलनेसाठी उपाय न केलेल्या शेजारच्या क्षेत्राची, अनेक वर्षांची अखंड नोंद हवी.

सोलापूरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या अर्थसाह्याने १९३३ मध्ये तेथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. वाहून जाणारे पाणी व माती यांचे शेतावर प्रत्यक्ष मापन करण्यात आले. बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ अशाच परिश्रमांतून आकारास आली. १९७० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने अखिल भारतीय समन्वित प्रकल्प २३ केंद्रांवर सुरू झाला. त्यांतही सोलापूर होते.

निधीची दुसरी रीत नगर जिल्ह्यातच दिसली. फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमास साहाय्य करण्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली. या कार्यक्रमात प्रथम गावाची क्षमता वाढवावयाची व नंतरच मुख्य कामास हात घालावयाचा, असे दोन टप्पे ठेवले होते. मुख्य कामाचा जर्मन निधी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत येई. गावास श्रमदान करावे लागे; चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे परिचित उदाहरण. निधीस अट होती, परंतु ती मुख्यतः गावाच्या आचरणाची होती.

तथापि या रीतीत एक उणीव राहते. प्रकल्पाचा निधी कामाबरोबर संपतो, आणि संशोधनाचा खरा प्रश्न तर काम संपल्यावर उभा राहतो. अडविलेले पाणी भूगर्भात मुरल्यावर ते कोणी, किती व कोणत्या पिकासाठी उपसावे? विहिरी व कूपनलिका वाढल्या, तर बांधाने दिलेले पाणी उपशाने हिरावले जाते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने उपशाच्या नियमनाची चौकट दिली आहे. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडल्यावाचून तिला अर्थ येत नाही.

यापुढील दिशा यावरून स्पष्ट होते. पाणी अडविण्याच्या तंत्राइतकेच त्याच्या वाटणीचे शास्त्र संशोधनाचा विषय झाले पाहिजे, आणि अनुदानाचा काही भाग पर्जन्यमापन, विहिरींची पातळी व पीकनोंद यांसाठी प्रकल्पाच्या मुदतीपलीकडे राखून ठेवला पाहिजे. पडलेला बांध पुन्हा घालता येतो; न नोंदलेले वर्ष मात्र कोणत्याही अनुदानाने परत मिळत नाही.