मिहानच्या मुरमावरील एकदांडी

एप्रिल संपत आला की वर्धा मार्गाने खापरी ओलांडून मिहानच्या रुंद रस्त्यांवर फिरताना डोळ्यांना हिरवे असे फारसे काही सापडत नाही. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झेपावत असतो आणि दुभाजकांतील शोभेची झाडे टँकरची वाट पाहत असतात. अशा वेळी पदपथाच्या फटीत, उघड्या मुरमात, वीतभर दांडा ताठ उभा दिसतो. टोकाला एकच फूल : मध्ये पिवळे, भोवती पाच-सहा दुधी पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. ही एकदांडी. कोणी तिला कंबरमोडी म्हणतात. आमच्या मातोश्री दगडी पाला म्हणत.

शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती. तिचे सोटमूळ खोल जाते, खरखरीत पानांवरील लव बाष्पीभवनाला आवर घालते आणि जमिनीवर लोळणारी खोडे पेरापेरांतून नवी मुळे धरतात. बियांना पिसासारखा तुरा असल्याने प्रसाराचा खर्च वारा सोसतो. आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेल्या माझ्यासारख्याला इतक्या अल्प भांडवलावर चाललेला व्यवहार क्वचितच पाहायला मिळाला.

मूळची ती इथली नव्हे. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीला लिनियसने १७५३ साली ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. अमेरिकेच्या संघीय कायद्यात आज तिची गणना उपद्रवी तणांत होते आणि आपला शेतकरीही तिला तणच मानतो. जमीन उकरली, माती हलली, की ही हजर. मिहानसाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि पुढे खापरी, शिवणगाव, दहेगाव अशा गावांच्या शेतजमिनींवर रस्ते व इमारती आल्या. त्या उघड्या पडलेल्या मुरमावर हिची वसाहत कोणत्याही भूखंडवाटपाविना उभी राहिली. फुलपाखरांनी मात्र तिला कधी तण मानलेले नाही.

पण लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे.

लहानपणी गुडघा फुटला की मातोश्री या पाल्याचा रस पिळून जखमेवर लावीत. रक्त थांबे, खपली धरे. महाराष्ट्रात असंख्य घरांत हा अनुभव असेल. या पानांच्या अर्काचे उंदरांवर प्रयोगही झालेले आहेत. तेवढ्या भरवशावर तीन वर्षांपूर्वी मी एक आगळीक केली. वडीलबंधूंना वीस वर्षांचा मधुमेह. नव्या बुटाने पायाचे बोट घासले, पण संवेदना मंदावल्याने त्यांना ते जाणवलेच नाही. फोड फुटल्यावर ते म्हणाले, “अरे, तू मिहानकडे फिरायला जातोस ना? आईचा दगडी पाला घेऊन ये.” मी मूठभर आणला. वाटून, जुन्या धोतराच्या पट्टीने बांधला. दुखत नव्हते, म्हणून आम्ही दोघेही निर्धास्त. दहाव्या दिवशी वास आला तो वहिनींना. शल्यचिकित्सकांनी पाय वाचवला. बोट मात्र वाचले नाही.

दोष पाल्याचा नव्हता. तंदुरुस्त मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याचा नियम मी मधुमेही वृद्धाच्या पायाला लावला. शिवाय रस्त्याकडेचा पाला, त्यावर धूळ आणि जंतू दोन्ही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठा घटतो. त्यामुळे न दुखणारी जखमच अधिक धोक्याची, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावले. आपल्या व्यापारी कुटुंबांत दिवसभर गादीवर बसून मधुमेह जडलेली माणसे थोडी नाहीत, म्हणून हा घरचा प्रसंग संकोच सोडून मांडला. अशा पायाला साधी चीर पडली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

भाऊ आता रुंद, मऊ बूट घालून माझ्याबरोबर फिरायला येतात. एकदांडी दिसली की थांबतात, काठीने दाखवतात आणि “आईचा पाला” एवढेच म्हणतात. तोडायला सांगत नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी वहिनी आरसा घेऊन त्यांचे दोन्ही तळवे तपासतात, बोटांच्या बेचकीसकट.