पस्तिसाव्या हिश्श्याचा विजयंता

रणगाड्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याच्या छंदाचे दोन भाग पडतात. कंपनीने साच्यात ओतून दिलेले प्लास्टिकचे सुटे भाग जोडणे आणि रंगवणे हा पहिला भाग बहुतेकांना ठाऊक असतो. दुसऱ्या भागाला या छंदातील मंडळी ‘स्क्रॅच-बिल्डिंग’ म्हणतात, आणि त्यात कोणत्याच खोक्यात न मिळणारे बारीकसारीक भाग पत्रा, तार, कागद व प्लास्टिकच्या तुकड्यांतून हातांनी घडवावे लागतात. या कामासाठी छोटे लेथ, महागडी कटर-यंत्रे आणि हत्यारांनी भरलेले टेबल हवे, असा एक समज आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात तो समज टिकण्याचे काही कारण नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाल्यानंतर येथे मोठे वाहन-कारखाने उभे राहिले, त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप गल्लोगल्ली निघाली, आणि त्यांबरोबर टूलरूम, जिग, फिक्श्चर, टॉलरन्स हे शब्द घराघरांत पोहोचले. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमध्ये असो वा औंधच्या, फिटरचे शिक्षण घेणारा मुलगा सुरुवातीला लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून गुण्यात आणायला शिकतो, म्हणजे त्याच्या कडा एकमेकींशी काटकोनात येईपर्यंत घासतो. त्या कामासाठी त्याला कानस, गुण्या आणि व्हर्निअर यांपलीकडे फारसे काही लागत नाही. प्रतिकृतीचे कामही त्याच जातीचे आहे. हत्यारे थोडी असली तर अडत नाही. माप आणि कामाचा क्रम सैल पडला, तर मात्र कितीही हत्यारे असली तरी काम साधत नाही.

नमुना म्हणून विजयंता रणगाडा घेणे अनेक अर्थांनी सोयीचे आहे. ब्रिटनच्या विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्यात हा रणगाडा तयार होऊ लागला आणि पहिला विजयंता १९६५ साली बाहेर पडला. त्यावर १०५ मि.मी. व्यासाची एल-७ तोफ होती, आणि पुढे त्याच्याच सांगाड्यावर १३० मि.मी. तोफ बसवून ‘कॅटापुल्ट’ हे स्वयंचलित तोफवाहनही तयार करण्यात आले. जर्मन टायगर, अमेरिकन शर्मन किंवा पॅटन यांची किट जगभर मुबलक मिळतात; विजयंताचे किट मात्र दुकानात सहसा दिसत नाही, त्यामुळे ज्याला तो हवा त्याला बराचसा भाग घडवावाच लागतो. शिवाय खरा विजयंता पाहायला फार लांब जावे लागत नाही. चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागले की अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ साली उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे, आणि तेथे विजयंतासोबत दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश व जपानी रणगाडे आणि पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटनही उघड्यावर जवळून पाहता येतात.

नगरचे नाव निघाले की बहुतेक छांदिष्टांचे मन सेंच्युरियन रणगाड्याकडे ओढ घेते, आणि ते स्वाभाविक आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनवरून लढले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले, तो रणगाडा नगरच्याच चिलखती दल केंद्रात जपलेला आहे. परंतु नवशिक्याने भावना थोडी बाजूला ठेवून बुरूज पाहावा. बुरूज म्हणजे तोफ धरून वर्तुळात फिरणारा वरचा भाग. सेंच्युरियनचा बुरूज मुख्यतः ओतीव पोलादाचा असल्याने त्याला सर्वत्र गोलाई आहे, आणि ती गोलाई हातांनी उतरवणे अवघड असते. विजयंताचा बुरूज व धड दोन्ही सपाट पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडून केलेली आहेत. सपाट पत्रा सपाट प्लास्टिकच्या पत्र्यातून कापता येतो. कमी हत्यारांनी काम करणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सवलत नाही.

रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे सर्वाधिक रूढ प्रमाण १:३५ हे आहे, म्हणजे खऱ्या वस्तूवरील ३५ मि.मी. प्रतिकृतीवर १ मि.मी. होतात. हे प्रमाण कुठल्या शास्त्रीय विचारातून आलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, तोच पुढे साऱ्या जगाने स्वीकारला. या प्रमाणाचा हिशेब एकदा डोक्यात बसला की निम्मे निर्णय आपोआप होतात. विजयंताचे धड सुमारे ७.९ मीटर लांब आणि ३.१७ मीटर रुंद आहे, म्हणजे प्रतिकृतीत अंदाजे २२६ आणि ९१ मि.मी.; तोफेचे १०५ मि.मी.चे तोंड ३ मि.मी.चे होते, सर्वांत जाड ८० मि.मी.चे चिलखत २.३ मि.मी.वर येते. खरी अडचण उलट्या टोकाला आहे. चाकांवरचा चिखल अडवणारा पत्रा (मडगार्ड) ३ मि.मी. जाड धरला, तर प्रतिकृतीत तो ०.०९ मि.मी. भरतो आणि इतके पातळ प्लास्टिक साच्यात ओतता येत नाही. म्हणूनच किटमधील मडगार्ड नेहमी जाड दिसतात आणि जाणकाराची नजर आधी तिथेच अडते. शीतपेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण ०.१ मि.मी. जाडीचा असतो, कात्रीने कापला जातो आणि खऱ्या पत्र्यासारखाच पोचतो व वाकतो. घरच्या प्रिंटरचा साधा कागदही तितक्याच जाडीचा असतो. ज्याच्याजवळ व्हर्निअर नाही त्याने अशा शंभर कागदांची चळत पट्टीवर मोजून शंभराने भागावे. उत्तर पुरेसे अचूक येते.

मुख्य सामग्री म्हणजे पॉलिस्टायरीनचा पांढरा पत्रा. किटचे प्लास्टिक हेच असल्याने दोन्ही एकाच द्रव सिमेंटने जोडले जातात. हे सिमेंट फेव्हिकॉलसारखे मधे राहून चिकटवत नाही; ते दोन्ही कडा क्षणभर विरघळवते आणि द्रावक उडून गेल्यावर दोन्ही तुकडे मिळून एकच तुकडा होतो, त्यामुळे नीट जुळलेला सांधा खऱ्या वेल्डइतका मजबूत असतो. विकतचा पत्रा महाग वाटला तर दह्याच्या काही डब्यांच्या तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा असतो, तेही पॉलिस्टायरीनच असते. जुने ओळखपत्र किंवा एटीएम कार्ड मात्र बहुधा पीव्हीसीचे निघते, त्याला वेगळा गोंद लागतो. किटचे भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात तिला छंदातील माणसे स्प्रू म्हणतात. चाकण-भोसरीच्या इंजेक्शन मोल्डिंग दुकानांतील कामगार तिला रनर म्हणतो आणि दळून पुन्हा वापरतो. प्रतिकृतीकाराने मात्र तिचा एक तुकडाही टाकू नये, याचे कारण पुढे येईल. भंगाराच्या दुकानांत प्लास्टिकचे असे तुकडे वजनावर मिळत असत. कुदळवाडी-चिखलीची बरीचशी भंगाराची गोदामे फेब्रुवारी २०२५ मधील महापालिकेच्या कारवाईत पाडली गेली, तरी मुठीत मावेल एवढे सामान कुठल्याही वर्कशॉपच्या कचऱ्याच्या डब्यात सापडते.

प्लास्टिकचा पत्रा कापताना नवशिका पाते एकदम आरपार दाबतो आणि कड तिरकी करून बसतो. पोलादी पट्टी धरून पात्याने दोन-तीन वेळा हलकी रेघ ओढावी आणि त्या रेघेवर पत्रा मोडावा. तो सरळ तुटतो. खाली जुनी फरशी किंवा काच असली की पुरते, आणि त्याच काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तुकड्याची कड त्यावर फिरवली की सपाट पृष्ठभाग घासण्याचे निम्मे यंत्र हाताशी येते.

कमी हत्यारांची खरी परीक्षा एकसारख्या भागांत असते. विजयंताच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंना धुराचे बॉम्ब फेकणाऱ्या सहा-सहा आखूड नळ्या असतात, शत्रूच्या नजरेआड व्हायचे असेल तेव्हा त्या पेटवून रणगाडा धुराच्या पडद्यामागे जातो. अशी एक नळी कोणीही घडवू शकतो. बारा सारख्या नळ्या घडवणे हे वेगळे काम आहे, आणि एक नळी अर्धा मिलिमीटर लांब निघाली की अख्खी रांग बिघडलेली दिसते. नळीचा बाहेरचा व्यास ८० मि.मी. धरल्यास प्रतिकृतीत सुमारे २.३ मि.मी. हवा, आणि या मापाच्या जवळपासची पोकळ कांडी कान साफ करण्याच्या काडीत मिळत असे. जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या कांडीच्या इअरबडवर देशभर बंदी आली, आणि तसेही ते प्लास्टिक द्रव सिमेंटला दाद देत नव्हते. त्याऐवजी योग्य जाडीच्या सुईवर किंवा तारेवर पातळ कागद पाण्यात मिसळलेल्या फेव्हिकॉलने गुंडाळावा, वाळू द्यावा आणि मग कापावा. कापण्यासाठी पट्टीवर खूण करीत बसू नये. लाकडाच्या एका फळीत नळी बसेल एवढी खाच करून तिच्या शेवटी ठरलेल्या अंतरावर एक तुकडा चिकटवावा, नळी त्याला टेकेपर्यंत सरकवावी आणि खाचेच्या कडेवरच पाते फिरवावे. ही झाली जिग. मोजमाप जिग करताना एकदाच होते, त्यानंतरच्या बारा नळ्या न मोजता सारख्या निघतात. टेल्को या वाहन-कारखान्यातून निवृत्त झालेल्या टूलमेकरला हे सांगितले तर तो यात काय सांगण्यासारखे आहे असे विचारील. पण घरी छंद म्हणून बसलेला माणूस, तोच टूलमेकर असला तरी, बरेचदा अंदाजाने कापू लागतो.

वेल्डिंगच्या रेषा हा दुसरा लक्ष देण्याजोगा तपशील, आणि इथे स्प्रू कामी येते. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवत राहिले की तो मऊ पडतो. लगेच ज्योतीबाहेर घेऊन दोन्ही टोके ओढली तर मधे केसासारखा धागा तयार होतो. जलद ओढले तर धागा बारीक, सावकाश ओढले तर जाड. हा धागा दोन पत्र्यांच्या सांध्यावर ठेवून त्यावर द्रव सिमेंटचा ब्रश फिरवावा, मिनिटभरात तो लिबलिबीत झाला की बोथट पात्याने एकमेकींजवळ आडव्या खुणा दाबाव्यात. वाळल्यावर वेल्डरने हात थांबत थांबत ओढलेल्या रेषेसारखी लहरी रेषा उमटते. काहींना ही रेषा फार ठळक करण्याचा मोह होतो. खऱ्या रणगाड्यावरची वेल्डची रेषा १५ मि.मी. रुंद असली तरी प्रतिकृतीत ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद भरते.

बोल्टच्या बाबतीतही तोच हिशेब करावा. १६ मि.मी.च्या सामान्य बोल्टचे षटकोनी डोके समोरासमोरच्या बाजूंत २४ मि.मी. असते, म्हणजे प्रतिकृतीत ०.७ मि.मी.; एवढ्या आकारात षटकोन डोळ्याला जेमतेम जाणवतो, त्यामुळे बोथट केलेल्या इंजेक्शनच्या सुईने पातळ पत्र्यातून पाडलेली गोल टिकली बहुतेक ठिकाणी चालते. ओढण्याचा पोलादी दोर जुन्या वायरीतील तांब्याच्या तारा एकत्र पिळून होतो, आणि हाताने धरायच्या दांड्यांना अर्ध्या मिलिमीटरची तार पुरते. चाके आणि पट्टे मात्र घडवण्याचा हट्ट धरू नये. विजयंताला दोन्ही बाजूंना सहा-सहा चाके आणि पट्ट्याच्या शेकडो कड्या लागतात. हे काम लेथ आणि साच्याविना करणे म्हणजे छंदाला शिक्षा करणे होय, त्यापेक्षा व्यास जुळणाऱ्या एखाद्या स्वस्त किटमधून ती घ्यावीत. तोफेची नळीही तशीच मिळते, कारण एल-७ तोफ जर्मन लेपर्ड-१ वरही होती. फक्त नळीवरचा फुगवटा, म्हणजे बार उडाल्यावर नळीतला धूर रणगाड्यात शिरू नये म्हणून बसवलेला भाग, विजयंताच्या छायाचित्राशी ताडून पाहावा. फटी एम-सीलने किंवा टाल्कम पावडर मिसळलेल्या फेव्हिक्विकने भराव्यात. द्रव सिमेंट, फेव्हिक्विक आणि पेटलेली मेणबत्ती एकाच टेबलावर एकाच वेळी ठेवू नये, आणि खिडकी उघडी असावी. द्रव सिमेंटचा वास डोक्यात जातो, शिवाय ते पेट घेते.

मापे कोठून घ्यावीत हा प्रश्न शेवटी उरतो. लष्करी हद्दीत छायाचित्रे काढण्यास मनाई असते, म्हणून संग्रहालय हाच सरळ मार्ग, आणि तिथेही परवानगी विचारूनच कॅमेरा काढावा. बाजूने छायाचित्र घेताना शक्य तितके दूर उभे राहून झूम वापरावा, कारण जवळून घेतलेल्या चित्रात पुढचे चाक मोठे आणि मागचे लहान येते आणि मग त्यावरून काढलेली मापे चुकतात. ज्ञात मापाची एक तरी वस्तू, अगदी सोबत्याच्या हातातली पट्टीसुद्धा, चित्रात असावी. तरीही प्रदर्शनात उभ्या असलेल्या रणगाड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सेवेतून निवृत्त झालेल्या अशा रणगाड्यांची झाकणे अनेकदा कायमची बंद केलेली असतात, काचेची उपकरणे काढलेली असतात, काही भाग गळून त्यांच्या जागी दुसरेच बसवलेले असतात, आणि उन्हापावसाने खराब झाल्यावर त्यांना पुन्हापुन्हा रंग दिला जातो. त्यामुळे आकार व सांधे संग्रहालयातून घ्यावेत. रंग, क्रमांक आणि बुरुजावरचे सामान यांसाठी मात्र तो रणगाडा सेवेत असतानाची जुनी छायाचित्रे शोधावीत, आणि दोन्हींत मेळ बसेना तर नेमके कोणते वर्ष दाखवायचे ते आधी ठरवून मगच करड्या प्रायमरचा पहिला हात मारावा, कारण त्यानंतर दह्याचा डबा, कागद आणि किटचे प्लास्टिक एकाच रंगाचे दिसू लागतात आणि कच्चे राहिलेले सांधे उघडे पडून पुन्हा कानस हातात घ्यावी लागते.