खलबतखान्याचे दार

फौजदारी खटल्यातील पंचांना, म्हणजे ज्यूरीला, निकालापूर्वी जगापासून तोडून ठेवण्याची चाल त्यांना लाचलुचपत व धाकदपटशा यांपासून वाचविण्यासाठी निघाली असावी, असे आज सहज वाटते. परंतु जुन्या इंग्रजी वहिवाटीत रक्षणाइतकीच सक्तीही मुरलेली होती. न्यायाधीशाच्या परवानगीवाचून अन्न, पाणी, विस्तव वा मेणबत्ती न मिळता बाराही असामींनी एकमत होईपर्यंत कोंडून राहावे, आणि एवढ्यानेही ते न झाल्यास दौऱ्यावरील न्यायाधीशाने त्यांना गाडीत घालून गावोगाव न्यावे, हा शिरस्ता इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टनने अठराव्या शतकात नमूद करून ठेवला आहे. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत काही पंचांच्या खिशांत अंजिरे व सफरचंदे सापडली, तेव्हा खाणाऱ्यांना जबर आणि नुसती बाळगणाऱ्यांना कमी दंड झाला. जिभेवरील या संयमाची न्यायासनाने अशी कदर केली खरी.

या सक्तीचे खरे स्वरूप उघडे पडले ते १६७० साली, लंडनच्या ओल्ड बेलीत. विल्यम पेन व विल्यम मीड या दोघा क्वेकरपंथीयांच्या खटल्यात पंच हवा तो निकाल देईनात, म्हणून त्यांना दोन रात्री अन्न, पाणी, विस्तव, तंबाखू, किंबहुना लघुशंकेचे भांडेही न देता कोंडण्यात आले. तरीही ते ‘निर्दोष’ हाच शब्द घेऊन बाहेर आले, तेव्हा प्रत्येकाला चाळीस मार्क दंड ठोठावला गेला. त्या पंचांपैकी एडवर्ड बुशेल दंड न भरता तुरुंगात गेला, आणि हेबियस कॉर्पसच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी त्याला मुक्त करताना, दिलेल्या निकालाबद्दल पंचांना शासन करता येत नाही, हे कायम ठरवून टाकले. विस्तव आणि माफक फराळ कायद्याने मिळायला मात्र १८७० उजाडले, आणि तेही पदरमोड करून.

हिंदुस्थानात आलेल्या ज्यूरीच्या वाट्याला ही उपासमार आली नाही. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात खटला एका दिवसाहून लांबल्यास पंचांना कोर्टाच्या अंमलदाराच्या ताब्यात एकत्र ठेवावे की घरी जाऊ द्यावे, हे न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडले होते. ते विचारार्थ उठले, की कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणा बाहेरच्याने त्यांच्याशी अवाक्षर बोलायचे नाही, एवढा निर्बंध होता. उपाशी ठेवून एकमत पिळून काढण्याचे कारणच नव्हते, कारण हायकोर्टात नवांपैकी सहांचे मत आणि न्यायाधीशाची संमती एवढ्यावर काम भागे.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांचे निवेदन संपल्यावर टिळकांच्या खटल्यातील नऊ पंच खलबतासाठी आत गेले ते आठच्या सुमारास, आणि परतले ते सव्वानऊच्या पुढे. त्या तासाभरात दाराला कोणी कान लावला नसेलही. परंतु आत बसलेल्यांपैकी सात युरोपियन होते व दोन पारशी, आणि ज्या ‘केसरी’तील लेखांवरून राजद्रोह ठरवायचा होता, ते त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले होते, ज्यातल्या शब्दाशब्दावर आरोपीने स्वतः उभे राहून हरकत घेतली होती. दार बंद करण्याचा कायदा होता. दाराआड कोण बसावे, याचा निवाडा मात्र पंचांची निवड झाली त्याच दिवशी होऊन गेला होता. सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले. टिळकांवरील १८९७ च्या खटल्यातही पंचांत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी, आणि मतेही सहा विरुद्ध तीन अशीच पडली होती; कायद्याला लागत होते नेमके सहा.